संशयिताची संमती

जबलपूर म्हटले, की प्रवाशाला भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात आणि इतिहासाच्या वाचकाला ठगांचा बंदोबस्त आठवतो. कायद्याच्या अभ्यासकाला मात्र या नगराच्या नावाने आणखी एक प्रश्न आठवावा. कोठडीत असलेला मनुष्य ‘माझी हरकत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दांचे मोल काय? पोलिसांनी त्याच्या बोटांचे ठसे घ्यावेत, रक्त तपासावे, यंत्राला जोडून त्याला प्रश्न विचारावेत किंवा औषधाची सुई टोचून त्याला बोलते करावे, या प्रत्येक गोष्टीला त्याची संमती लागते की नाही? आणि लागत असेल, तर ती खरी आहे हे कोणी पाहावयाचे? आज भारतात या प्रश्नाला काही निश्चित नियमांचे उत्तर आहे. ते उत्तर मिळावयास पावणेदोनशे वर्षे लागली, आणि त्या वाटचालीत जबलपूरचे नाव एकदा नव्हे, तीनदा येते.

पहिला प्रसंग कंपनी सरकारच्या काळातला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांचा नर्मदेकाठचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला आणि सागर व नर्मदा प्रदेश या नावाने त्याचा कारभार सुरू झाला. या प्रदेशाला कंपनीचे नेहमीचे कायदे लागू नव्हते. तेथील अंमलदारांना पुष्कळ मोकळीक होती. विल्यम हेन्री स्लीमन हा लष्करी अधिकारी येथेच मुलकी कामावर आला. आरंभी नरसिंहपूरचा कारभार त्याच्याकडे होता. आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली गावात धंदेवाईक खुन्यांची टोळी नांदत होती आणि एका मजलेवरच्या आमराईत प्रवाशांची प्रेते पुरली जात होती, याचा आपल्याला गंधही नव्हता, अशी कबुली त्याने पुढे स्वतःच दिली. १८३० नंतर ठगांच्या शोधाचे काम त्याच्यावर सोपवण्यात आले आणि १८३५ मध्ये तो या खात्याचा मुख्य अधीक्षक झाला. त्याचे ठाणे जबलपूर हेच होते.

स्लीमनपुढची अडचण खरी होती. ठगाने मारलेला प्रवासी गावापासून शेकडो कोस दूर असे. त्याचे प्रेत जमिनीखाली, त्याचा माल भलत्याच बाजारात आणि त्याचे नातलग त्याच्या परतण्याची वाट पाहत बसलेले. साक्षीदार उरला, तर तो टोळीतलाच. म्हणून स्लीमनने माफीच्या साक्षीदाराचा मार्ग धरला. पकडलेल्या ठगाने आपले आणि साथीदारांचे सारे गुन्हे सांगितले, तर त्याला फाशी होणार नाही, असा तो करार होता. स्लीमनने तो आंधळेपणाने राबवला नाही. साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळे ठेवून त्यांचे जबाब घेतले जात आणि ते ताडून पाहिले जात. टोळ्यांच्या वंशावळी तयार होत. साक्षीदाराने दाखवलेली जागा खणून प्रेते सापडतात की नाही, हे पाहिले जाई. फिरंगिया नावाचा प्रसिद्ध ठग असाच माफीचा साक्षीदार झाला. त्याने दाखवलेल्या जागा खणल्या, तेव्हा खरोखरच सांगाडे निघाले. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश स्लीमनने १८३६ मध्ये कलकत्त्यास छापला, त्याचीही सामग्री या साक्षीदारांच्याच तोंडची होती.

एवढी सावधगिरी असूनही या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. साक्ष देणाऱ्याची संमती फासाच्या दोराखाली घेतलेली होती. त्याने नाही म्हटले तर मरण, आणि होय म्हटले तर दुसऱ्याचे मरण. ज्याच्याविरुद्ध तो साक्ष देई, त्या आरोपीला वकील नसे. पुरावा स्लीमन गोळा करी आणि न्याय त्याचाच वरिष्ठ, गव्हर्नर जनरलचा एजंट एफ. सी. स्मिथ, करी. १८३६च्या तिसाव्या कायद्याने तर एखादा विशिष्ट खून सिद्ध करण्याचीही आवश्यकता उरली नाही. मनुष्य कधीकाळी ठगांच्या टोळीत होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप ठरलेली. ज्यांनी साक्षी देऊन जीव वाचवला, तेही मोकळे झाले नाहीत. जबलपूरच्या उद्योगशाळेत तंबू आणि सतरंज्या विणत त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी पहाऱ्याखाली दिवस काढले.

हा झाला शब्दांचा व्यवहार. देहाच्या बाबतीत तर विचारण्याची रीतच नव्हती. बंगालच्या जुन्या कायद्यांनुसार जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवीत. ‘गोदना’ नावाची ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. जबलपूरच्या शेजारच्या सागरला फाशी गेलेल्या सात ठगांच्या कवट्या तेथील इंग्रज डॉक्टर हेन्री स्प्राय याने १८३३च्या सुमारास एडिंबरोच्या मस्तिष्कसामुद्रिक मंडळाकडे पाठवल्या. कवटीच्या उंचसखलपणावरून मनुष्याचा स्वभाव ओळखता येतो, असे मानणारे ते शास्त्र होते. त्या काळी ते विज्ञानाच्या पंक्तीत बसत असे. पुढे ते निराधार ठरले. विज्ञानाच्या नावाने गुन्हेगाराच्या मस्तकात डोकावण्याची ही इच्छा मात्र त्या शास्त्राबरोबर संपली नाही. ती नव्या साधनांची वाट पाहत राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याने या अनुभवावरून एक शहाणपण घेतले. ते असे, की पोलिसांसमोरच्या कबुलीवर विश्वास ठेवू नये. १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम आला आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने रचलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यात तो कलम २५ व २६ म्हणून स्थिर झाला. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, आणि कोठडीतली कबुली दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेली असेल तरच ती चालेल, असे ते दोन नियम होते. उन्हातान्हात हिंडून पुरावा शोधण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरपूड चोळणे अधिक सुखाचे, असे एका अनुभवी अंमलदाराने आपल्याला सांगितल्याची आठवण स्टीफनने नोंदवून ठेवली आहे. कलम २५ व २६ यांची सारी कारणमीमांसा त्या एका आठवणीत सामावलेली आहे.

कलम २७ ने मात्र एक दार किलकिले ठेवले. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या वस्तूपुरते त्याचे सांगणे पुराव्यात येते. स्लीमनने आमराई खणून जबाबाची पारख केली, तीच ही युक्ती होय. मनुष्य भीतीने खोटे बोलेल. जमिनीतून निघालेले हाड खोटे बोलणार नाही, असा तिचा आधार.

त्यानंतर बोटांच्या ठशांचे युग आले. १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धती एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली. तिच्या घडणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. ठसा द्यावयास आरोपीने बोलावे लागत नाही; म्हणून १९२०च्या कैदी ओळख कायद्याने त्याची संमती हा विषयच बाजूला सारला. एक वर्ष किंवा त्याहून अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात अटक झालेल्याने ठसे देणे बंधनकारक झाले आणि त्याने विरोध केल्यास बळ वापरण्याचीही मुभा मिळाली. त्याबरोबर एक सौम्य तरतूदही होती. पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य निर्दोष सुटला, तर त्याचे ठसे व छायाचित्रे नष्ट करावीत किंवा त्याला परत द्यावीत, असे तो कायदा सांगत असे.

१९५० मध्ये भारताचे संविधान अमलात आले आणि अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाने प्रत्येक आरोपीला अभय दिले : स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. मग १९२०चा कायदा टिकतो कसा? ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे काय? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी या प्रश्नाचा विचार केला आणि ४ ऑगस्ट १९६१ रोजी निकाल दिला. त्या पीठावर सातारचे प्र. बा. गजेंद्रगडकर होते, तसेच पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेले ज. र. मुधोळकरही होते. बहुमताने असे ठरले, की साक्ष देणे म्हणजे आपल्या ठायी असलेले ज्ञान तोंडी वा लेखी प्रकट करणे. बोटाचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना यांत असे कोणतेही ज्ञान प्रकट होत नाही. ते बदलता न येणारे देहाचे लक्षण आहे आणि केवळ तुलनेसाठी उपयोगी पडते. म्हणून त्याची सक्ती अनुच्छेदाच्या आड येत नाही. तिघा न्यायाधीशांनी वेगळी कारणमीमांसा केली. निष्कर्ष मात्र तोच ठेवला.

या निकालाने एक सीमारेषा आखली. रेषेच्या अलीकडे देह आणि पलीकडे मन. देहाच्या बाबतीत कायदा ठरवील त्या मर्यादेत सक्ती चालेल. मनाच्या बाबतीत चालणार नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५३ ने याच रेषेवर पाऊल ठेवले. फौजदाराच्या दर्जाहून खाली नसलेल्या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून नोंदणीकृत डॉक्टरने अटकेतल्या आरोपीची तपासणी करावी, त्यासाठी वाजवी बळ वापरता यावे, आणि स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी, असे ते कलम सांगत होते. २००५च्या दुरुस्तीने त्यात रक्त, लाळ, केस, नखे आणि डीएनए चाचणी यांचा स्पष्ट उल्लेख आला.

या सीमारेषेला प्रत्यक्षात किती आधार आहे, हे पाहण्याची वेळ दुसऱ्यांदा जबलपूरवरच आली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूर सोडून जबलपूरला गेले होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या आधारे न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने स्थानबद्ध झालेल्या शिवकांत शुक्ल यांनी बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. असा अर्ज ऐकता येतो, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ठरवले. सरकार अपिलात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने उच्च न्यायालयांचे मत फिरवले. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकट्या हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले, आणि पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले.

हा खटला चाचण्यांचा नव्हता, स्थानबद्धतेचा होता. तथापि कोठडीतल्या माणसाच्या संमतीला जो पाया लागतो, त्याचाच तो खटला होता. आपल्याला का धरले, हे न्यायालयाला विचारण्याची सोयच ज्याला नाही, त्याच्या ‘होय’ला अर्थ उरत नाही. देशाला ही गोष्ट लवकरच उमगली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. जबलपूरच्या खटल्याने जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण ऐरणीवर आणले होते. दुरुस्तीने त्याच्या शेजारी आरोपीच्या मौनाच्या हक्कालाही तितकेच अढळ स्थान दिले. २०१७ मध्ये खाजगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १९७६चा तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचे पुत्र होत.

दरम्यान मनाकडे जाणारी नवी साधने आली होती. असत्यशोधक यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजून खऱ्याखोट्याचा अंदाज करू पाहते. नार्को चाचणीत सोडियम पेंटोथालसारखे औषध देऊन अर्धवट शुद्धीतल्या माणसाला प्रश्न विचारतात. तिसऱ्या प्रकारात डोक्याला विद्युदग्रे लावून मेंदूच्या लहरी टिपतात. देह आणि मन यांच्यामधली १९६१ची रेषा येथे पुसट होते. कारण यंत्र लावले जाते देहाला, आणि शोध चालतो मनाचा. बनावट मुद्रांकांच्या गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांची सक्ती वैध मानली. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या चाचणीचा अहवाल विचारात घेऊन शिक्षा सुनावली. त्या प्रकरणात आरोपीने चाचणीला संमती दिलेली होती, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्या पुराव्याविषयी शंका व्यक्त केली. संमती असली म्हणजे चाचणी खरी ठरते असे नव्हे, हेही त्यातून दिसून आले.

या गोंधळात जी नियमावली मार्गदर्शक ठरली, तिच्याशी जबलपूरचा तिसरा धागा जुळतो. ११ जानेवारी २००० रोजी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने असत्यशोधक चाचणीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा हे माजी सरन्यायाधीश. आणीबाणीच्या काळी ते जबलपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि पुढे तेथेच मुख्य न्यायाधीश झाले. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि संमतीने होणाऱ्या चाचणीसाठी ही तत्त्वे पाळण्याचा आदेश दिला.

ती तत्त्वे थोडक्यात अशी. चाचणी करून घ्यावी की नाही, हे आरोपीने ठरवावे. तो तयार असेल, तर त्याला वकील भेटला पाहिजे. आणि चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम पोलीस आणि वकील या दोघांनीही त्याला समजावून सांगितले पाहिजेत. त्याची संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी, आणि त्या वेळी त्याचा वकील हजर असावा. चाचणीतले बोलणे दंडाधिकाऱ्यासमोरची कबुली ठरणार नाही, ते पोलिसांपुढच्या जबाबासारखेच मानले जाईल, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. तो किती दिवस कोठडीत आहे आणि त्याची चौकशी कशा रीतीने झाली, हेही दंडाधिकाऱ्याने लक्षात घ्यावे. प्रत्यक्ष चाचणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावी आणि माहिती कशी मिळाली, याची संपूर्ण नोंद ठेवावी. चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा होत नाही. संमतीने झालेल्या चाचणीतून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती मात्र जुन्या कलम २७ च्या वाटेने पुराव्यात येऊ शकते.

हे नियम स्लीमनच्या छावणीशेजारी ठेवून वाचले, म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. तेथे संमती घेणारा आणि तिचा लाभ उठवणारा एकच होता. येथे संमती घेणारा तपासाच्या बाहेरचा आहे. तेथे नकाराची किंमत मरण होती; येथे नकार हा हक्क आहे. तेथे आरोपीच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. येथे वकिलावाचून संमती पुरी होत नाही. आणि दिवस किती झाले, हा दंडाधिकाऱ्याने करावयाचा विचार तर सर्वांत अनुभवी म्हटला पाहिजे. पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हणणारा मनुष्य दहाव्या दिवशी ‘होय’ म्हणतो, तेव्हा मधल्या नऊ दिवसांत काय घडले, हे कोणीतरी विचारले पाहिजे, एवढेच कायदा सांगतो.

स्लीमनने लबाडी केली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. वाटसरूंच्या प्रेतांनी भरलेल्या आमराया त्याने पाहिल्या होत्या, आणि त्या थांबवणे हे त्याचे कर्तव्यच होते. आजच्या तपास अधिकाऱ्यापुढेही बळी पडलेल्याचे कुटुंब उभे असते. नियमांमुळे तपास मंदावतो, ही त्यांची तक्रार निराधार नाही. परंतु अन्याय बहुधा अशाच प्रामाणिक घाईतून घडतो, आणि नियमांची गरज दुष्टांपेक्षा प्रामाणिकांच्या घाईसाठीच अधिक असते. जो ठग नव्हता, पण ज्याला ओळखीच्या परेडमध्ये एखाद्या भेदरलेल्या साक्षीदाराने बोट दाखवले, त्याचे नाव कोणत्याही कोशात आलेले नाही.

कायद्याची ही वाटचाल अजून थांबलेली नाही. १९२०च्या कायद्याच्या जागी २०२२चा नवा ओळख कायदा आला आणि योगायोगाने ४ ऑगस्टलाच अमलात आला. डोळ्यांतील बुबुळ व नेत्रपटल यांच्या प्रतिमा आणि शरीरातील नमुने यांचाही त्यात समावेश आहे, आणि नोंदी ७५ वर्षे जपण्याची तरतूद आहे. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेला मनुष्य जैविक नमुने नाकारू शकतो; गुन्हा स्त्री वा बालकाविरुद्धचा असेल, तर ती सवलत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलम ५३ तिच्यात कलम ५१ म्हणून आले. ९ जून २०२५ रोजी अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेल्वीचा नियम पुन्हा अधोरेखित केला. आरोपीने आपण होऊन नार्को चाचणी मागितली, तरी तो त्याचा निरपवाद हक्क होत नाही. योग्य टप्प्यावर, सर्व परिस्थिती पाहून आणि संमती स्वेच्छेची असल्याची खात्री करून न्यायालयाने परवानगी द्यावयाची आहे, असे त्यात म्हटले आहे.

जबलपूरच्या उत्तरेस, कटनीच्या वाटेवर स्लीमनाबाद नावाचे गाव आजही आहे, आणि जबलपूर शहरात उच्च न्यायालयाचे काम रोज चालते. या दोन स्थळांमधले अंतर एका दिवसात सहज जाऊन येण्याजोगे आहे. कायद्याला ते कापावयास पिढ्या लागल्या. आणि ते खरोखर कापले गेले की नाही, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथात होत नाही. पोलिसांनी समोर आणून उभ्या केलेल्या माणसाला दंडाधिकारी जेव्हा विचारतो, की तुमच्यावर कोणाची जबरदस्ती तर नाही ना, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, तेव्हाच तो होतो.